घाटावर वाचलेले एक कडवे

माझे वडील, अण्णा, गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी, सावडण्याचा विधी आटोपून आम्ही घरी परतलो तेव्हा तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, मला ओसरीवर बोलावून घेतले. ते म्हणाले, "पोरी, दहाव्याला घाटावर गावातली माणसं बोलतील, महाराजांचं प्रवचन व्हईल, पण घरातलं कुणीतरी बोलाय पायजे. तुझ्या भावाला ते जमणार न्हाई. तू एखादी कविता वाच. पाच मिनिटांच्या वर नको." मी मान डोलावली. त्या वेळी मला वाटले की हे काम मला सर्वांत सोपे जाईल. मी पुण्यात बँकेत नोकरी करते, पण कविता हे माझे कॉलेजपासूनचे वेड आहे आणि घरातली दोन कपाटे कवितासंग्रहांनीच भरलेली आहेत. प्रत्यक्षात पुढचे सहा दिवस मी जितकी गोंधळले, तितकी पूर्वी कधी गोंधळले नव्हते.

आमचे गाव खेड तालुक्यात, भीमेच्या काठी आहे. आमच्या भागात दशक्रिया विधीला अंत्यविधीइतकीच, किंबहुना त्याहून अधिक माणसे येतात, कारण मृत्यूची बातमी तोवर सगळीकडे पोचलेली असते आणि दिवस आधीच ठरलेला असतो. सकाळी आठच्या सुमारास घाटावरच्या शेडमध्ये प्रवचन सुरू होते. त्यानंतर गावातली आणि पाहुण्यांमधली चार जाणती माणसे श्रद्धांजलीपर दोन शब्द बोलतात, मग पिंड ठेवले जातात आणि सगळ्यांचे डोळे कावळ्याकडे लागतात. हा सगळा समुदाय उघड्यावर बसलेला असतो, नदीवरून वारा येत असतो, कर्णा खरखरत असतो, आणि मागच्या बाजूला बसलेल्या बायकांपर्यंत निम्मे शब्द पोचतच नाहीत. कविता निवडताना ही जागा डोळ्यांसमोर ठेवायला हवी, हे मला फार उशिरा सुचले. पहिले दोन दिवस मी माझ्या खोलीत बसून, माझ्या एकटीच्या दुःखासाठी कविता शोधत होते.

मराठीत मृत्यूवरच्या कवितांना तोटा नाही. सर्वांत आधी मनात आली ती सुरेश भटांची गझल, 'इतकेच मला जाताना सरणावर कळले होते, मरणाने केली सुटका जगण्याने छळले होते'. हा शेर मी कित्येक वर्षे मनात बाळगला आहे. मात्र तो मोठ्याने वाचून पाहताच माझ्या डोळ्यांसमोर पहिल्या रांगेत बसलेली आई उभी राहिली. बावन्न वर्षे ज्या माणसाचा डबा तिने भरला, ज्याच्या तापात रात्री जागवल्या, तो माणूस जाता जाता 'जगण्याने छळले' म्हणतो आहे असे तिच्या कानांवर पडले असते. गझल वाचताना आपण तो 'मी' कवीचा मानतो, किंवा स्वतःचा मानतो, आणि त्यामुळे कोणीही दुखावत नाही. घाटावर मात्र तो 'मी' गेलेल्या माणसाचाच होतो. त्याच्या तोंडी आपण हे शब्द घालत आहोत, आणि त्याला नाही म्हणण्याची सोय उरलेली नाही, हे ध्यानात आल्यावर मी पुस्तक मिटले.

त्या संध्याकाळपासून मी प्रत्येक कवितेला एकच प्रश्न विचारू लागले, की हिच्यात बोलते कोण. मृत्यूवरच्या कवितेत बोलणारा कधी जाणारा असतो, कधी मागे राहिलेला असतो, तर कधी कोणीच नसतो आणि नुसते चित्र असते. वाचणारी मी असणार, तेव्हा माझ्या तोंडून कोणाचा आवाज निघणार हे ठरल्याशिवाय शब्दांच्या सौंदर्याचा विचार करण्यात अर्थ नव्हता.

भा. रा. तांबे (१८७३–१९४१) यांची 'जन पळभर म्हणतील हाय हाय' ही कविता या दृष्टीने मी तीनदा वाचली. त्यात जाणारा माणूस म्हणतो की सूर्य तळपतील, चंद्र झळकतील, शेते पिकतील, माझ्यावाचून कोणाचे काही अडणार नाही. स्वतःविषयी असे म्हणणे ही मोठी शांत वृत्ती आहे. तरीही 'सखेसोयरे डोळे पुसतिल, पुन्हा आपल्या कामीं लागतिल' ही ओळ जेव्हा मुलगी आपल्या बापाच्या दहाव्याला, समोर बसलेल्या सख्यासोयऱ्यांना वाचून दाखवते, तेव्हा तिचा उपदेश न राहता टोमणा होतो. कोणी दोन तास एसटीने आलेला असतो, कोणी शेतातले पाणी सोडून आलेला असतो. त्यांनी उद्या कामाला लागू नये अशी आमची अपेक्षा तरी कुठे होती? तीच कविता अण्णांनी स्वतः आधी सांगून ठेवली असती तर मी डोळे मिटून वाचली असती. कोणाला आपल्यासाठी काय वाचावे हे सांगून ठेवायचे असेल तर ते घरातल्या माणसांवर फार मोठे उपकार आहेत, असे मला आता वाटते. आमच्याकडे असे बोलणे अभद्र मानले जाते, म्हणून अण्णांना कोणी कधी विचारले नाही आणि मीही विचारले नाही.

बा. भ. बोरकरांच्या 'देखणे ते चेहरे' या कवितेच्या शेवटी 'देखणा देहान्त तो, जो सागरी सूर्यास्तसा' असे शब्द येतात. तिच्यात कोणीच 'मी' नाही, त्यामुळे ती कोणीही कोणासाठीही वाचू शकतो, आणि ती अनेक शोकसभांत वाचलेली मी ऐकलेली आहे. सभागृहात ती सुंदर वाटते. पण पुढच्याच ओळीतला 'रात्रगर्भी' हा शब्द मी अंगणातून आत बसलेल्या आत्याला ऐकवला तेव्हा तिने तो दोनदा विचारला, आणि कर्ण्यातून त्याचे काय होईल ते मला कळून चुकले. शिवाय आमचे अण्णा सागराकाठचे नव्हते. त्यांनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला, तोही माझ्या लग्नानंतर मी त्यांना अलिबागला नेले तेव्हा.

तुकोबांचे नाव घरातल्या प्रत्येकाने घेतले. 'आपुले मरण पाहिले म्यां डोळां' हा अभंग आजकाल श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर सर्रास छापलेला दिसतो, आणि त्याविषयी माझे मत थोडे तीव्र आहे. तो अभंग देहाच्या मृत्यूचा नाही. जिवंतपणीच 'मी'पण मरून गेल्यावर जो सोहळा अनुभवाला येतो, त्याचे ते वर्णन आहे, आणि ज्याने तो अनुभवला त्यानेच ते म्हणावे. अण्णा हे अधिकारी पुरुष नव्हते, ते एक चांगले, कष्टाळू, थोडे तापट गृहस्थ होते. त्यांना तो अभंग चिकटवणे मला खोटेपणाचे वाटले असते. 'आम्ही जातो आपुल्या गावा, आमचा रामराम घ्यावा' याची गोष्ट वेगळी आहे. त्यातही जाणाराच बोलतो, पण तो निरोप इतका साधा आणि नम्र आहे की कोणाच्याही तोंडी शोभतो. 'तुमची आमची हेचि भेटी, येथुनिया जन्मतुटी' ही ओळ वाचताना माझा गळा दाटून आला. तरीही मी तो घेतला नाही, त्याचे कारण व्यावहारिक होते. मी प्रवचनकार महाराजांना फोन करून ते कोणता अभंग निरूपणाला घेणार आहेत ते विचारले. ते म्हणाले, "ताई, हाच घेणार आहे." ज्या अभंगावर ते पाऊण तास बोलणार आणि टाळांच्या साथीने शेवटी सगळे मिळून म्हणणार, तो मी कागदावरून पुन्हा वाचण्यात काय हशील होते? हा फोन आपण पहिल्याच दिवशी करायला हवा होता.

बहिणाबाईंचीही आठवण झाली. 'अरे जगनं-मरनं एका सासाचं अंतर' ही ओळ समजायला कोणाला पुस्तक उघडावे लागत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईची गाणी मुलाने टिपून ठेवली आणि ती गेल्यानंतर १९५२ साली ती छापून आली, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. पण तिची भाषा खानदेशातली, जळगावकडची आहे, आणि माझ्या जिभेला ती सवयीची नाही. घाटावर मी ती वाचली असती तर कोणाच्या तरी बोलीची नक्कल केल्यासारखे झाले असते. तिच्या दुसऱ्या एका कवितेने मी अधिक अस्वस्थ झाले. 'लपे करमाची रेखा माझ्या कुंकवाच्या खाली, पुशीसनी गेलं कुंकू, रेखा उघडी पडली' असे बहिणाबाई स्वतःच्या वैधव्याविषयी म्हणते. दहाव्याच्या दिवशी बाईचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची रीत आमच्याकडे अजून पूर्ण गेलेली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा तात्यांनीच ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली होती, आणि आईच्या बाबतीत यातले काही होणार नाही हे आम्ही भावंडांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते. अशा वेळी ती ओळ वाचून सगळ्यांच्या नजरा आईच्या कपाळाकडे वळवणे हे क्रूरपणाचे झाले असते. ती कविता माझ्या मते मराठीतल्या श्रेष्ठ शोककवितांपैकी एक आहे, आणि नेमकी म्हणूनच ती त्या ठिकाणी नको होती.

सातव्या दिवशी माझ्यापाशी एकही कविता उरली नव्हती. तेव्हा मी पुस्तके बाजूला ठेवली आणि अण्णांविषयी विचार करू लागले, जे खरे तर आधी करायला हवे होते.

अण्णा विद्युत मंडळात वायरमन होते. १९७३ साली ते कामाला लागले तेव्हा आमच्या भागातल्या कित्येक वाड्यांवर वीज पोचायची होती, आणि २००८ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा वीज पोचलेली होती पण भारनियमन चालू होते. आमच्या लहानपणी रात्री-बेरात्री दाराची कडी वाजणे ही रोजची गोष्ट होती. कोणाच्या मळ्यातली तार तुटलेली असे, कोणाच्या डीपीचा फ्यूज उडालेला असे. अण्णा खुंटीवरची पिशवी घेत, तिच्यात पक्कड, टेस्टर आणि रबरी हातमोजे आहेत ना ते चाचपून पाहत आणि सायकलला बॅटरी अडकवून निघत. पावसात ते गेले की आई देवापाशी समई लावून बसे आणि ते परत आल्याशिवाय उठत नसे. तक्रार घेऊन येणारा पाटील आहे की ठाकरवाडीतला कोणी आहे, यावरून त्यांचा वेग बदललेला मी कधी पाहिला नाही. ज्याची हाक आधी आली त्याच्याकडे आधी, एवढाच त्यांचा नियम होता, आणि त्या नियमापायी त्यांनी गावातल्या मोठ्या माणसांचा रोष पत्करल्याचेही मला आठवते.

निवृत्तीनंतर दाराची कडी वाजणे बंद झाले. यात कोणाचा दोष नव्हता, कारण नवा वायरमन आला होता आणि लोक त्याच्याकडे जाऊ लागले होते. पण आमच्या घरावरून मोटारसायकली नव्या वायरमनच्या घराकडे जात, तेव्हा ओसरीवर बसलेले अण्णा मान वर करून बघत आणि पुन्हा खाली घालत. ते कधी काही बोलले नाहीत. वीज गेली की मात्र ते अंगणात येऊन डोंगराकडच्या वाडीत दिवे आहेत का ते पाहत, आणि बिघाड कोणत्या फीडरवर असेल ते स्वतःशीच पुटपुटत.

हे सगळे आठवत असताना तांब्यांची दुसरी एक कविता मनात आली, आणि इतके दिवस ती सुचली कशी नाही याचे नवल वाटले. 'मावळत्या दिनकरा, अर्घ्य तुज जोडुनि दोन्ही करां'. लता मंगेशकरांच्या आवाजात ती आमच्या रेडिओवर शेकडो वेळा लागली होती, आणि गाणे म्हणून ती इतकी परिचयाची झाली होती की कविता म्हणून मी तिच्याकडे पाहिलेच नव्हते. यात जाणारा बोलत नाही. जो मागे राहिला आहे तो हात जोडून जाणाऱ्याला उद्देशून बोलतो. मला जो आवाज हवा होता, तो हाच होता. घाटावर, नदीच्या पाण्याशी, सकाळच्या वेळी अर्घ्य हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागणार नव्हता. आणि तिसऱ्या कडव्यात 'परि तू केलीस वणवण' असे म्हणून कवी पुढे म्हणतो, 'मनी न धरिले सानथोरपण, समदर्शी तू खरा'. अण्णांविषयी मला जे सांगायचे होते, ते एवढेच होते.

अडचण पहिल्या दोन कडव्यांची होती. 'जो तो वंदन करी उगवत्या, जो तो पाठ फिरवि मावळत्या, रीत जगाची ही रे सवित्या' असे पहिले कडवे म्हणते, आणि दुसऱ्यात 'उपकाराची कुणा आठवण? शितें तोंवरी भुतें अशी म्हण' असा थेट आरोप येतो. माझ्या भावाला हीच कडवी सर्वांत आवडली. तो म्हणाला, "सगळीच वाच. सोळा वर्षं कुणी ओसरीवर चढलं नाही. एकदा कळू दे लोकांना." त्याचा राग मला समजत होता, आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात तो होता. मी सबंध कविता एका कागदावर उतरवली आणि रात्री आईला वाचून दाखवली.

आई चौथीपर्यंत शिकलेली आहे. तिने पूर्ण ऐकून घेतले आणि विचारले, "हे घाटावर वाचणार?" मी होय म्हटले. ती म्हणाली, "त्यांनी कधी कुणाला टोचून बोललं न्हाई. वीज गेली म्हणून लोकांनी शिव्या दिल्या तरी खांबावर चढले, पण बोलले न्हाई. आता त्यांच्या दहाव्याला तू त्यांच्या नावानं बोलणार का?"

मी त्या रात्री कवितेचा एक भाग गाळावा की नाही यावर पुष्कळ विचार केला. कवितेची मोडतोड करणे मला मान्य नाही, आणि एखाद्या कवीच्या रागातून त्याचा राग वजा करून उरलेला गोडवा तेवढा उचलणे हे एरवी मी अप्रामाणिक मानते. शिवाय त्या 'परि' या शब्दात मागच्या दोन कडव्यांचा सगळा भार आहे. जग असे आहे, परि तू तसा नाहीस, असा तो 'परि' आहे. मागचे काढून टाकले तर तो शब्द अधांतरी राहतो. पण कोणी एखादा अभंग म्हणताना त्यातली दोनच चरणे म्हणतो, ओवी म्हणताना आपल्या घरचे नाव त्यात घालतो, हेही आपल्याकडे चालत आलेले आहे, आणि शोकाच्या प्रसंगी कविता वाचणे हे कवितेचा अभ्यास करण्यापेक्षा त्या रीतीच्या अधिक जवळचे आहे. शेवटी मी ध्रुवपद आणि तिसरे कडवे एवढेच घ्यायचे ठरवले. ज्याला तो 'परि' ऐकू येईल, त्याला मागचे न सांगताही कळेल, असे मी स्वतःला समजावले.

तयारीचे दोन शब्द सांगते, कारण ते मला कोणी सांगितले नव्हते. मोबाइलवरून वाचायचे नाही, कारण उन्हात पडदा दिसत नाही आणि हात थरथरत असला की ओळ सरकते. मी मोठ्या अक्षरात, एका पानावर, प्रत्येक ओळीनंतर जागा सोडून लिहून घेतले. गाणे म्हणून माहीत असलेली कविता वाचताना चाल आपोआप जिभेवर येते, आणि मग ना धड गाणे ना धड वाचन असे होते. ती चाल मोडण्यासाठी मी ती ओसरीवर फेऱ्या मारत, पावलागणिक एक शब्द अशा संथ गतीने पंचवीस-तीस वेळा म्हटली. दर वेळी माझा आवाज 'वणवण' या शब्दापाशी फुटत होता. तेव्हा मी तशाच दुसऱ्या कागदावर ते कडवे लिहून भावाच्या खिशात ठेवले आणि मी थांबले तर तिथून पुढे वाच, असे त्याला सांगितले. एवढे छोटे कडवे एकदा ऐकून कानांत राहत नाही, म्हणून ते दोनदा वाचायचे हेही ठरवले.

मार्गशीर्षातली सकाळ होती. भीमेवर धुके होते आणि प्रवचन संपता संपता ते विरले. चार जण बोलले, त्यांपैकी ठाकरवाडीतल्या एका म्हाताऱ्या माणसाने फक्त एवढेच सांगितले की आमच्याकडे पहिला दिवा लागला तो अण्णांच्या हाताने लागला. मग माझे नाव पुकारले गेले. मी ना प्रस्तावना केली, ना अण्णांच्या आठवणी सांगितल्या. ध्रुवपद वाचले, कडवे वाचले, थांबले, पुन्हा दोन्ही वाचले. पहिल्या वेळी 'वणवण' पार पडले. दुसऱ्या वेळी मला तिथून पुढे जाता आले नाही, आणि माझा भाऊ, ज्याला बोलायला जमणार नाही असे सगळ्यांनी गृहीत धरले होते, त्याने खिशातला कागद न काढताच उरलेल्या ओळी म्हटल्या. सगळे मिळून दोन मिनिटेही झाली नसतील. टाळ्या वाजत नाहीत अशा जागी माणसे ऐकत आहेत की नाही हे कळत नाही, पण बायकांच्या बाजूने कोणीतरी 'खरा' हा शेवटचा शब्द हळूच उच्चारलेला मी ऐकला. मग महाराजांनी 'पुंडलिक वरदे' म्हटले आणि पिंडांकडे सगळे वळले.

तेराव्याचे गोडजेवण झाले, पाहुणे गेले, मांडव निघाला आणि रात्री घरात आम्ही तिघेच उरलो. भाऊ पितळेची पातेली पुसून ठेवत होता. आई चुलीपाशी बसली होती आणि तिने अचानक विचारले, "ती राहिलेली कडवी कुठंयत? वाच आता." मी पिशवीतून तो पहिला कागद काढला आणि सबंध कविता वाचली, 'शितें तोंवरी भुतें' या ओळीसकट. भावाने हातातले पातेले खाली ठेवले होते. आई निखारे राखेत लोटत राहिली, बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "आता परत घाटावरचं म्हण."